मोजलं त आटलं

माझ्या नोकरीची ओळख माझे वडील एका वाक्यात करून देत. "माही पोरगी लोकाइच्या ताटात डोकावते, अन् सरकार तिले त्याचा पगार देते." पारावरचे लोक हसत, वडीलही हसत. मला राग येई. त्या डोकावण्यासाठी मी गृहविज्ञानाची पदवी घेतली होती. पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. ती घेताना वसतिगृहाच्या मेसमध्ये मी जे खाल्लं ते कोणी मोजलं असतं, तर मेसवाला तुरुंगात गेला असता. आणि हे म्हणतात, डोकावते!

आता निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, सोबत सूचना: गोड आठवणी असू द्या. गोडाचं जमणार नाही. माझी सगळी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आहार सर्वेक्षणात गेली. लोक काय खातात, किती खातात ते मोजायचं आणि मग काय खायला पाहिजे ते त्यांना सांगायचं. पहिल्या कामात लोक खरं सांगत नाहीत, दुसऱ्या कामात ऐकत नाहीत, आणि वरचे साहेब दोन्हींचा अहवाल महिनाअखेरीस मागतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय एवढं? विचारायचं आणि लिहायचं. मग तुम्ही विचारून बघा.

"काल काय खाल्लं?"

"भात-भाजी."

"आणि?"

"आनखी काय? भात-भाजी."

झालं सर्वेक्षण. आमच्याकडे खाणं म्हणजे भात. भात पोटात गेला तर जेवण झालं, बाकीचं सगळं नुसतं तोंड हलवणं. बाई सकाळपासून रानात असते, टेंभरं, चारं अशी रानफळं खाते, कैरीला मीठ लावून खाते, आणि संध्याकाळी मला सांगते, "आज त काईच नाई खाल्लं." खोटं बोलत नसते ती. म्हणून आम्हाला एक गोष्ट शिकवलेली असते. खाण्याचं विचारू नका, दिवसाचं विचारा. उठल्यावर कुठे गेलात? वाटेत कोणतं झाड लागलं? सावलीला बसलात तेव्हा शेजारी कोण होतं, तिच्या पदरात काय होतं? असं करत माणसाच्या मागे मागे त्याचा कालचा अख्खा दिवस चालून यायचा. याला संयम लागतो. माझ्याकडे तो मुळातच कमी होता, आणि जो होता तो ओसऱ्यांवर सांडला.

किती खाल्लं हे दाखवायला आमच्याजवळ स्टीलच्या वाट्यांचा संच असे, लहानापासून मोठीपर्यंत. यातल्या कोणत्या वाटीएवढी भाजी खाल्ली, असं विचारायचं. मी वाट्या ओळीने मांडल्या की शेजारच्या बाया गोळा झाल्याच.

"केवढ्याले देता?"

"विकायच्या नाहीत."

"जुन्या लुगड्यावर देता काय?"

एका बाईने तर सगळ्यांत मोठी वाटी उचलली, नखाने वाजवून पाहिली आणि परत ठेवत म्हणाली, "पत्रा हाय." त्या वाट्यांची सरकारी खरेदी झाली तेव्हा त्या बाईला समितीवर घ्यायला हवं होतं.

मोहर्लीची तऱ्हा आणखी वेगळी. ताडोब्याच्या गेटवर जिप्सी चालवणारा एक जण माझ्या यादीत आला. काल काय खाल्लं विचारताच तो घडाघडा बोलू लागला. ऑम्लेट, टोस्ट, पनीर, पास्ता, कस्टर्ड. मी आनंदाने लिहीत गेले. इतकं सविस्तर उत्तर मला नोकरीत कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या पानावर शंका आली.

"भाऊ, हे सगळं तुम्ही खाल्लं?"

"मी काऊन खाईन? पाहुण्याइनं खाल्लं. तुमी रिसॉर्टच्या जेवनाचं इचारून राह्यल्या ना?"

"तुमचं विचारते मी."

"माह्य काय मॅडम, खर्रा."

"सकाळी?"

"खर्रा."

"दुपारी?"

"दुपारी सफारी. वाघ दिसला त खुशीत खर्रा, नाई दिसला त टेन्शनमंधी खर्रा."

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा आमच्या दोन्ही जिल्ह्यांत भूक मारायचं काम इमानाने करतो. पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, कारण तो अन्न नाही. लोक म्हणतात खाल्ला, फॉर्म म्हणतो नाही खाल्ला. मी आपला सुपारीखाली लिहिला. वरून शेरा आला, 'सुपारीचे प्रमाण अवास्तव, तपासावे.' मी कळवलं, तपासायला मोहर्लीला या. आले. दोन दिवस राहिले. वाघ बघून गेले.

पुढे कागद गेला आणि मोबाइल आला. त्यात दुधाचा प्रश्न भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. शून्य लिहिलं की तो विचारे, 'नक्की?' दर घरी नक्की, दर माणसामागे नक्की. अरे बाबा, नक्की! इकडे गाय पाळतात ती बैल व्हावा म्हणून आणि शेणासाठी. दूध वासराचं. हे त्या मोबाइलला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायचं काम माझं नव्हतं.

पण ज्या घरासाठी हे लिहायला बसले, ते घर कुरखेड्याच्या आत, नाल्यापलीकडच्या एका टोल्यावर आहे. टोला म्हणजे मूळ गावापासून तुटून राहिलेली थोडी घरं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. मृग लागला होता, धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायची घाई चालली होती, आणि मी वजनाचा काटा घेऊन त्या टोल्यावर गेले.

विचारण्याखेरीज आमची दुसरी रीत आहे मोजण्याची. सलग तीन दिवस घरी जायचं. चुलीवर चढायच्या आधी तांदूळ, डाळ, भाजी काट्यावर घालायची. शिजल्यावर पुन्हा. मग प्रत्येकाचं ताट वाढून झालं की ते ताट काट्यावर. जेवताना मात्र समोर बसायचं नाही, कारण कोणी पाहत असलं की माणूस एक तर जास्त खातो किंवा लाजून अर्धपोटी उठतो. आपण शेजारच्या घरी जायचं, थोड्या वेळाने येऊन उष्टं मोजायचं आणि वजा करायचं. त्या वेळी एका योजनेचा निर्णय या मोजणीवर ठरणार होता. ज्या गरोदर बायांचं खाणं कमी भरेल त्यांना अंगणवाडीत रोज एक वेळचं जादा जेवण आणि अंडं मिळणार होतं. पुरेसं भरलं तर नाही.

घरात तिघं. सगुणाबाई, तिचा मुलगा हिरामण आणि सून वनिता. वनिताला सातवा महिना. अंगणवाडीताईने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, पहिलं लेकरू मुठीएवढं झालं आणि आठवडाभरही टिकलं नाही. हे दुसरं. पोरीकडे पाहिलं तर गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. दंडाला आम्ही एक पट्टी लावतो, दंड किती भरलेला आहे ते कळायला. तिची पट्टी सांगत होती, ही बाई उपाशी आहे.

आणि काटा सांगत होता, ही बाई मजेत आहे! भाताचा डोंगर, वर लाखोळीचं वरण, तरोट्याची भाजी, एक दिवस सुकट. उष्टं म्हणाल तर शीत राहत नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाहुणी आली म्हणून चांगलं केलं असेल. हे आमच्याकडे नेहमीचं दुखणं. काटेवाली मॅडम येणार म्हटलं की लोक कोंबडं कापतात, आणि कागदावर गाव गुबगुबीत होतं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्यासोबत दिवाकर असे, गाडीही तोच चालवी आणि काटाही तोच उचली. तो आकडे पाहून म्हणाला, "मॅडम, हे पोरगी एवढी खाते त जाते कुठी?"

"तेच तर," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी पोषणाचा वर्गही घेतला, कारण तोही कार्यक्रमात होता. वरून आलेलं चित्र भिंतीला टांगलं. चित्रात एक गोरी, गुटगुटीत गरोदर बाई खुर्चीवर बसलेली, समोर सफरचंद, डाळिंब, दुधाचा ग्लास. सगुणाबाईने ते बराच वेळ निरखलं.

"हे बाई कुठची हाय?"

"कुठली असं नाही. चित्र आहे."

"हिचं रोवनं कोन करते?"

रोवणं म्हणजे धानाची लावणी, दिवसभर चिखलात वाकून. बाया हसल्या. मी चित्र गुंडाळलं आणि तरोट्यावर, शेवग्यावर, मोहाच्या फुलांवर बोलले. त्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे 'लवकर आटप, अंधार पडते' असा अर्थ असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताटं मोजून मी शेजारी निघाले आणि भुरभुर सुरू झाली. छत्री सगुणाबाईच्या मागच्या वाडीत राहिली होती. मी कुडाला वळसा घालून तशीच मागून आत गेले. वनिताचं ताट जर्मनचं होतं, काठाला पोचा आलेलं. मी तीन दिवस काट्यावर चढवलं होतं, अंधारातही ओळखलं असतं. ते ताट सगुणाबाईच्या मांडीवर होतं. ती एकेक घास औषधासारखा गिळत होती. आणि वनिता उंबऱ्यावर बसून कटोऱ्यातून पेज पीत होती. कण्यांची, पाण्यासारखी, खालचं बूड दिसेल अशी.

"सगुणाबाई, हे काय?"

ती दचकली नाही. घास उतरवून म्हणाली, "बस. पानी देऊ?"

"हे ताट वनिताचं आहे."

"हो त."

"मंग तुमी काऊन खाऊन राह्यल्या?" रागावले की माझी पदवी गळून पडते आणि पोंभुर्णा वर येतं.

"मंग कोन खाईन? ढोराइले घालू? अन्न हाय ते. तीन दिसापासून तिचंबी खातो अन् माह्यबी खातो. पोट पाह्य माह्य, ढोलावानी झालं. तुह्या काट्यापाई!"

"पण तिचं तिला का नाही दिलं?"

आता तिलाच माझा राग आला. "काट्यावर चढलेलं पोटुशीले कोन देते वो? काटा कायचा असते? इकाचा. मोहफूल काट्यावर गेलं का बेपाऱ्याचं झालं, धान गेलं का सोसायटीचं झालं. काट्यावर गेलेलं घरचं राह्यते काय? अन् खळ्यावर धान मोजतानी पयल्या मापाले एक म्हनते का लाभ म्हनते?"

"लाभ म्हणतात."

"काऊन?"

"बरकत राहावी म्हणून."

"हां. शिकली तरी ठाऊक हाय तुले. मोजलं त आटलं. आमी धानाचं पयलं माप मोजत नाई, अन् तू पोटातल्या लेकराचा घास मोजून राह्यली."

माझे वडील खळ्यावर पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणून ओरडत, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते धानाचं होतं. ते ताटापर्यंत येईल हे मला कोणत्या वर्गात शिकवलं होतं? दंडाच्या पट्टीला तिने कधी हरकत घेतली नव्हती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पट्टी त शिंपीबी लावते."

"मग नको म्हणायचं होतं मला! तीन दिवस मी येऊन राह्यली, चुलीपाशी बसून राह्यली."

"तू सरकारची. घरी आलेल्याले नाई कसं म्हनाव?"

म्हणजे पाहुणचार! मला मोजू दिलं हा पाहुणचार होता, आणि मोजलेलं स्वतः खाल्लं हा त्यावरचा उतारा. कपाळावर हात मारून घेतला मी.

"आणि तुम्हाला नाही बाधणार ते?"

"मले काय बाधन? माह्य काय वाढाचं राह्यलं आता?"

मी पेजेकडे वळले. ताट मोजलेलं म्हणून नको, ठीक. पण मडक्यात बिनमोजलेला भात होता की नाही? मग पेज का? सासूकडे पाहत वनिता पहिल्यांदा बोलली. "लेकरू मोठं होते म्हनते माय. मंग अडते."

ही समजूत मला नवी नव्हती. गावोगाव ऐकलेली. पोट लहान ठेवायचं, लेकरू लहान राहतं, सुटका लवकर होते. मी वर्गातलं सगळं भाषण पुन्हा सुरू केलं. लेकरू लहान झालं तर जगत नाही, पहिल्या वेळी काय झालं पाहिलंत ना. सगुणाबाईने ऐकून घेतलं आणि ताट खाली ठेवलं.

"माही लेक होती. गिरजा. पयलं बाळंतपन म्हनून इथी आनली. तिले मी खाऊ घातलं, तू सांगते तसंच. दूध इकत घेऊन पाजलं. लेकरू अडलं. खाटेवर घेऊन नाल्यावर गेलो त नाला भरून वाहून राह्यला होता. काठावर खाट घेऊन उभे राह्यलो आमी. लेकरू चांगलं धडधाकट होतं, मॅडम. त्यानंच मारलं तिले."

"नाल्यानं मारलं," मी म्हटलं. माझा आवाज चढलेलाच होता. "लेकरानं नाही."

"मंग तो नाला मोज ना," सगुणाबाई म्हणाली. "त्याले लाव काटा."

हिरामण गोठ्याच्या दाराशी उभा होता. घरातल्या कोणत्याही प्रश्नावर तो बैलांकडे पाहत असे. आताही पाहत होता.

छत्री घेऊन मी निघाले. तीन दिवसांचे आकडे फाडून टाकण्याच्या लायकीचे होते. ते तसेच वर पाठवले असते तर वनिता 'पुरेसा आहार' या खान्यात गेली असती. जेवण नाही, अंडं नाही, आणि श्रावणात आणखी एक मुठीएवढं लेकरू. मला सगुणाबाईचा राग होता, चित्रातल्या त्या खुर्चीवरच्या बाईचा राग होता आणि सगळ्यांत जास्त त्या नाल्याचा. पूल मंजूर आहे असं मी नोकरीत लागल्यापासून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी काटा गाडीतच ठेवला आणि रिकाम्या हाताने गेले. दवाखान्याजवळ माहेरघर आहे, म्हटलं. तारखेच्या आधीच बाईला नेऊन ठेवतात, सोबतचं माणूसही राहतं. नाला भरायच्या आधी चला, मग लेकरू केवढंही होऊ द्या.

"रोवन्यात घर कोन पाहीन?"

"हिरामण."

तिने हिरामणकडे असं पाहिलं की तो पुन्हा बैलांकडे वळला.

"गाडी कोन आनीन?"

"फोन केला की येते."

"इथी फोन लागते काय? तू मले शिकवून राह्यली?" तिने सूप पाखडून खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू आन. तू सोता. दुसऱ्या कोनाले धाडशील त आमी बसत नाई. तू गाडी आनतो म्हनशील त आजपासून मी पोरीले भात घालतो, तुले पायजे तेवढा. पन काटा नाई."

"आणतो," मी म्हटलं.

गाडीत दिवाकर म्हणाला, "मॅडम, आपुन काटेवाले हावो का बाळंतपनवाले?"

"गाडी चालव."

आता मोजणीचा घोळ. काटा नाही म्हटल्यावर वनिताचं खाणं सिद्ध कसं करायचं? सगुणाबाईशी अर्धा दिवस हुज्जत घालून एक वाट काढली. ताट मोजायचं नाही. वनिता बांधावर असताना मडकं मोजायचं, आणि जेवणं झाल्यावर उरलेलं मडकं मोजायचं. कोणी किती डाव वाढून घेतलं ते लांबून पाहायचं. तेही एका अटीवर, की पहिला डाव मोजणीत धरायचा नाही. तो लाभाचा. तो ती कोंबड्यांना टाकी. आणि भाताच्या दिवसांआधी आणखी एक दिवस नेहमीच्या पेजेचा मोजून द्यायचा, म्हणजे आधी काय चाललं होतं ते कागदावर येईल. पेज मोजायला तिची हरकत नव्हती. "तिच्यात आटाचं काय हाय?" म्हणाली.

पेजेच्या त्या दिवसावर वनिता कमी भरली आणि तिला अंगणवाडीचं जेवण लागलं. मी शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'पहिला डाव मोजलेला नाही.' वरून विचारणा आली, का मोजला नाही? मी लिहिलं, स्थानिक पद्धत. पुन्हा विचारणा, या पद्धतीस आधार काय? मी लिहिलं, खळं. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटतं मला वेडी ठरवून फाइल बंद केली असावी.

सगुणाबाईने शब्द पाळला. अंगणवाडीत ती सुनेसोबत जाऊन बसे आणि अंडं पूर्ण खाल्लं जाईस्तोवर उठत नसे. तिथल्या ताईला म्हणे, "तुह्या खिचडीत मीठ नाई," रोज. आता माझी पाळी होती.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "गाडी सर्वेक्षणाची आहे. पेशंट नेता येणार नाही."

"सर्वेक्षणालाच जाते. त्या घराची पुनर्मोजणी करायची आहे. मोजणीत पहिला डाव राहिला, त्याची विचारणा तुमच्याकडूनच आली होती."

"पुनर्मोजणी गावात जाऊन करायची असते. मग गाडीत दोन बाया कशाला?"

"मोजणी करायची ती बाई दवाखान्यापाशी राहायला जाऊन राह्यली साहेब. ती जिथे जेवेल तिथेच मोजावं लागेल ना?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सही केली. कधी कधी सरकारी माणसालाही आपण काय करतो ते कळतं, पण तो तसं दाखवत नाही. म्हणून मी त्यांचं नाव लिहीत नाही.

नाल्याला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. दिवाकरने उतरून काठीने तळ चाचपला, मग गाडी घातली. सगुणाबाईने एका हाताने वनिताला धरलं होतं, दुसऱ्या हाताने मला. नाला ओलांडेपर्यंत तिने डोळे मिटलेले होते. पलीकडे गेल्यावर एकदा मागे वळून पाहिलं, आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "हिरामण ढोराइले पानी पाजन का नाई?"

दोन दिवसांनी नाला भरला आणि टोल्याची वाट आठवडाभर बंद झाली.

वनिता बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हा मी कुरखेड्यातच होते. गेले. नर्सबाई बाळाला दुपट्यात घेऊन काट्याकडे निघाली होती, आणि काट्याच्या पुढे सगुणाबाई उभी होती. दोन्ही हात पसरून.

"सरका आजी."

"नाई."

"वजन करायचं आहे."

"इकाचं हाय काय लेकरू?"

नर्सबाईने मला पाहिलं. "मॅडम, तुमच्या ओळखीच्या ना ह्या? सांगा यांना काही. मला तिकडे दुसरी बाई अडून बसली आहे."

मला स्वतःला तो आकडा त्या नर्सपेक्षा जास्त हवा होता. दोन महिने मी त्याच्यासाठी साहेबांशी, मोबाइलशी आणि या म्हातारीशी भांडले होते. शिवाय वजन कमी भरलं तर बाळाला गडचिरोलीला हलवावं लागणार होतं, आणि तेही ताबडतोब. मी हे सगळं सगुणाबाईला सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं असं म्हणता येणार नाही.

तिने वनिताच्या खाटेकडे पाहिलं. मग हात खाली घेतले.

"आधी लाभ म्हन."

"काय म्हणू?" नर्सबाई म्हणाली.

"लाभ म्हणा," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"

शेवटी मीच म्हटलं. पदवीधर, सरकारी नोकर, गळ्यात ओळखपत्र. माझे वडील खळ्यावर म्हणत तसं लांबवून, मोठ्याने. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्सबाईने बाळ काट्यावर ठेवलं. ते रडायला लागलं, काट्यावरचे लाल आकडे वरखाली झाले आणि थांबले. सगुणाबाईने पाठ फिरवून कानांवर पदर घेतला होता.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"बरं हाय?"

"बरं आहे."

"मंग काढ त्याले तथून. अन् कोनाले सांगू नको."

नर्सबाईने रजिस्टरात लिहिलं, मी फॉर्ममध्ये लिहिलं, वर पाठवलं. वरून शेरा आला नाही. नोकरीतला तो एक आकडा असा, की त्याच्यावर शेरा आला नाही.

या लेखाचा कच्चा मजकूर वाचून अंकवाल्यांचा फोन आला. म्हणाले, सगळं लिहिलंत, बाळाचं वजन तेवढं राहिलं, टाका ना. मी नाही म्हटलं. सगुणाबाई अजून ठणठणीत आहे. तो पोरगा आता शाळेत जातो, वाचायला शिकला आहे, आणि हाती येईल ते छापील आजीला वाचून दाखवतो. हा अंक त्यांच्या टोल्यापर्यंत जाणारच, पूल झालाय आता. उगाच मला तिथे बोलणी खायची नाहीत.